मनाचें दुखणें व त्याचा वैद्य



महोत्सवाच्या दिवशीं मंदिराच्या भिंती, घंटा व वेदी यांचें कौतुक होतें, आणि तें योग्यच आहे. परंतु याच भिंतींच्या आंत, सर्वांत मागच्या बांकाशीं गुडघे टेकून जीं मनें कित्येक वर्षें मुकाट्यानें रडत आलीं, त्यांच्याविषयीं आज चार शब्द बोलावे असें आम्हांस वाटतें. ताप आला तर आपण डॉक्टरास बोलावतों. मन आजारी पडलें तर मात्र तें झांकून ठेवतों. कोणी म्हणतो श्रद्धा कमी पडली, कोणी म्हणतो दृष्ट लागली. घरांत लग्नाची मुलगी असली तर मग शब्दच काढावयाचा नाहीं!

या संबंधांत व्हिएन्ना नगरींतील मनोवैद्य व्हिक्टर फ्रँक्ल यांचें चरित्र आम्हांस फार बोधप्रद वाटतें. १९०५ सालीं एका यहुदी कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. त्याच नगरींत फ्रॉइड यांनीं मनाच्या तळाशीं सुखाची ओढ पाहिली, ॲडलर यांनीं वर्चस्वाची; फ्रँक्ल यांचें म्हणणें असें कीं, मनुष्याची खरी भूक अर्थाची आहे, आपण कशासाठीं जगतों हें कळण्याची आहे. आपल्या पद्धतीस त्यांनीं ‘लोगोथेरपी’ हें नांव दिलें. यांतील ‘लोगोस’ हा शब्द संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या मूळ ग्रीकांत अगदीं आरंभींच येतो, हें जाणत्यांस सांगावयास नको.

१९४१ च्या सुमारास त्यांना अमेरिकेस जाण्याचा परवाना मिळाला. वृद्ध आईबापांस नाझींच्या हातीं सोडून जावें कीं काय, या विवंचनेंत ते घरीं आले, तों वडिलांनीं जाळलेल्या सिनेगॉगच्या ढिगाऱ्यांतून आणलेला संगमरवराचा तुकडा मेजावर होता. त्यावर एकच हिब्रू अक्षर उरलें होतें, आणि तें मातापित्यांचा मान राखण्याच्या आज्ञेचें होतें. आपल्या गणनेप्रमाणें ती चौथी आज्ञा. फ्रँक्ल यांनीं परवाना तसाच जाऊं दिला. १९४२ सालीं त्यांना छावणींत नेण्यांत आलें. वडील तेथेंच वारले. आई, भाऊ व तरुण पत्नी यांचाही पुढें निरनिराळ्या छावण्यांत अंत झाला. छावणींत शिरतांना हिरावून घेतलेल्या आपल्या ग्रंथाची टिपणें ते टायफसच्या तापांतही कागदाच्या चिटोऱ्यांवर लिहीत राहिले, आणि १९४५ सालीं जिवंत सुटले.

पुढें एक वृद्ध डॉक्टर त्यांच्याकडे आले. पत्नीच्या मरणाला दोन वर्षें झालीं तरी शोक आवरत नव्हता. फ्रँक्ल यांनीं उपदेश केला नाहीं. एवढेंच विचारलें कीं, आपण आधीं गेलां असतां तर? ‘तिला तें सोसलें नसतें,’ असें म्हातारे म्हणाले. मग तें सोसणें आपण तिच्यावांचून पत्करलें आहे, असें फ्रँक्ल यांनीं दाखवितांच ते हस्तांदोलन करून शांतपणें निघून गेले. दुःख गेलें नाहीं, परंतु तें कोणासाठीं सोसावयाचें हें कळलें. आमच्या मतें या पद्धतीचें सारें मर्म या एका भेटींत आहे. मात्र दुखणें शरीराचें असेल तेथें औषध हवेंच. फ्रँक्ल स्वतः मज्जातंतूंचे वैद्य होते व १९४६ पासून पुढें कित्येक वर्षें व्हिएन्नाच्या पॉलिक्लिनिकमध्यें त्या विभागाचे प्रमुख होते.

आतां कोणी विचारील, पापनिवेदनाचा संस्कार असतां वैद्याकडे कां जावें? फ्रँक्ल यांनींच ही सीमा आंखिली आहे: मनाचें आरोग्य हें वैद्याचें साध्य, आत्म्याचें तारण हें धर्माचें. बाळंतपणानंतर जी माता कारणावांचून रडते, तिनें पाप केलेलें नसतें. तिला क्षमेची नव्हे, उपचाराची गरज असते. तिला ‘प्रार्थना वाढव’ एवढेंच सांगून परत पाठविणें आम्हांस निर्दयपणाचें वाटतें. पोप बारावे पायस यांनीं १९५३ सालीं रोम येथें जमलेल्या मनोवैद्यांस नीतीच्या मर्यादा स्पष्ट सांगितल्या, पण त्यांच्या कार्यास शुभेच्छाही दिल्या.

ज्यांच्या घरीं असें कोणी असेल त्यांनीं धर्मगुरूंना सांगावें आणि डॉक्टरांनाही सांगावें; एकास सांगितलें म्हणून दुसऱ्यास सांगावयाचें नाहीं, असा नियम ख्रिस्तसभेनें कोठेंही घातलेला नाहीं.