शेजारच्या वावराचीही राखण

आम्ही रिद्धपूरच्या बचत गटाच्या बाया बोलतो आहोत.

आमच्या गावात मराठी भाषा विद्यापीठ आलं, तेव्हा गटाच्या बैठकीत विषय निघाला, मराठी माणसं कुठं कुठं पोचली आहेत? त्यात मॉरिशसचं नाव आलं. हिंदी महासागरातलं हे बेट. इंग्रजांच्या काळात कोकणातली माणसं तिथं उसाच्या मळ्यांत मजुरीला गेली आणि तिथलीच झाली. आजही त्यांच्या घरी गणपती बसतो.

मॉरिशस आपल्या अमरावती जिल्ह्याच्या सहाव्या हिश्श्याएवढा देश. शेजारचा सेशेल्स त्याहून लहान. एवढ्याशा देशाला मोठ्या बाजारात कोण विचारतं? म्हणून १९८२ मध्ये मॉरिशस, सेशेल्स आणि मादागास्कर यांनी मिळून हिंदी महासागर आयोग स्थापला. पुढं कोमोरोस आला, आणि रीयुनियन बेटासाठी फ्रान्सही आला. आपला ग्रामसंघच म्हणा ना!

पण आमच्यातली एक म्हणाली, "दोघींनीही पापडच लाटले, तर एकमेकींना विकायचं काय?" खरंच आहे. मॉरिशसमध्ये ऊस, रीयुनियनमध्येही ऊस. मादागास्करमध्ये व्हॅनिला, कोमोरोसमध्येही व्हॅनिला. त्यामुळं त्यांचा आपसातला व्यापार थोडाच. मग एकत्र येऊन मिळवलं काय?

पहिली गोष्ट, राखण. त्यांच्या समुद्रात ट्यूना मासा भरपूर. चोरून मासे धरणाऱ्या बोटी एका देशानं हाकलल्या की दुसऱ्याच्या हद्दीत शिरतात. रोही आपल्या वावरातून हाकललं की शेजारच्या वावरात जातं, तसंच. एकट्याची जागली कामाची नाही. म्हणून २००७ पासून हे देश मिळून समुद्रावर गस्त घालतात. गस्तीच्या एकाच बोटीवर वेगवेगळ्या देशांचे तपासनीस असतात.

दुसरी गोष्ट, नाव. २०१० पासून पर्यटकांसमोर ही बेटं 'व्हॅनिला बेटं' या एकाच नावानं जातात.

आता आमचं ऐका. गेल्या यात्रेत आमच्या गटांनी शेजारीशेजारी दुकानं मांडली. सगळ्यांकडे तेच पापड, त्याच कुरडया. एकीनं दहा रुपये उतरवले, दुसरीनं पंधरा. संध्याकाळी हिशेब केला, तर मेहनतीचा एक रुपया सुटला नव्हता. उडदाची डाळ मात्र प्रत्येक गटानं किराण्यातून किरकोळ भावानं आणलेली.

म्हणून आता ठरतंय, डाळ एकत्र घ्यायची, भाव एक ठेवायचा, पाकिटावर नाव एकच. अडतं कुठं? आमचा गट जुना, बचत जास्त. नव्या गटाला वाटतं, या आपल्याला गिळतील. आम्हाला वाटतं, त्यांची थकबाकी आपल्या गळ्यात पडेल.

मादागास्कर तर आपल्या महाराष्ट्राहून मोठा. तरी आयोगाचं अध्यक्षपद पाळीपाळीनं सगळ्यांकडं जातं, चिमुकल्या सेशेल्सकडंही. आपणही पाळी लावू. कर्ज ज्या गटाचं त्याच गटाकडं, एकत्र फक्त खरेदी आणि विक्री. हिशेबाची वही सगळ्यांसमोर उघडी.

एक सावधगिरी मात्र हवी. त्या गस्तीला युरोपचा पैसा बराच लागला. बाहेरची मदत सुरुवातीला बरी, पण तिच्यावरच विसंबलं तर ती थांबल्यावर कामही थांबतं. म्हणून पहिलं पोतं आम्ही आमच्या बचतीतूनच घेणार आहोत.

तुमच्या गावात किती गट एकमेकींचा भाव पाडतात? येत्या बैठकीत एवढंच मोजा.