डोळे, ओळखीची जागा आणि घटकाभरची आठवण
(वर्धापनदिनानिमित्त अभ्यासिकेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अभ्यासिकेच्या कामानिमित्त घाटकोपर-मुलुंडकडच्या वस्त्यांतून फिरताना दोन तक्रारी आमच्या कानावर सारख्या येतात. पहिली मुलांबद्दलची. "प्रश्न विचारला की पोरगं छताकडे बघतं, लक्षच नाही त्याचं." दुसरी म्हाताऱ्या माणसांबद्दलची. "नव्या बिल्डिंगमध्ये आल्यापासून आई फार विसरते." या दोन्ही तक्रारींचे मूळ जवळजवळच आहे असे आम्ही म्हटले, तर काहींना हसू येईल. म्हणून आज त्यावरच बोलणार आहोत.

कुणी फोन नंबर सांगितला आणि पेन सापडेपर्यंत आपण तो तोंडातल्या तोंडात घोळवत राहिलो, तर ती झाली अल्पकालीन स्मृती. तिची झोळी फार लहान. अमेरिकेतील जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली सांगितले की तिच्यात साधारण सात गोष्टी मावतात. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवान यांनी तो आकडा चारच्या आसपास आणला. म्हणजे आपण सगळेच गरीब! श्रीमंताच्या पोराची झोळीही एवढीच.

मग एवढ्याशा झोळीवर माणसाचा संसार चालतो कसा? इथे डोळे कामाला येतात. हात लांब करून अंगठा धरा. त्या अंगठ्याच्या रुंदीएवढीच जागा डोळ्याला खरी स्पष्ट दिसते. म्हणून तो सेकंदाला साधारण तीन उड्या मारतो, आणि उडी मारताना आपल्याला जवळजवळ काही दिसत नाही. आरशासमोर उभे राहून एका डोळ्याकडून दुसऱ्याकडे बघा. आपली बुबुळे हलताना आपल्यालाच दिसत नाहीत. शेजारी उभ्या असलेल्याला मात्र दिसतात. घरी गेल्यावर करून बघा, पैसे लागत नाहीत.

अमेरिकेत डॅना बॅलार्ड, मेरी हेहो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. रंगीत ठोकळ्यांचा एक नमुना समोर ठेवला आणि तसाच दुसरा रचायला सांगितला. लोकांनी नमुना पाठ केला नाही. एकेका ठोकळ्यासाठी ते पुन्हा पुन्हा नमुन्याकडे बघत राहिले, आधी रंगासाठी, मग जागेसाठी. जी वस्तू समोर आहे ती डोक्यात कशाला वाहायची? फळ्यावरून उतरवून घेताना दर दोन शब्दांनी मान वर करणारे आपले पोर हेच करत असते. त्याला मंद म्हणू नका.

आपल्याकडचे याचे उत्तम उदाहरण म्हणजे डबेवाला. महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास सुरू केलेला हा धंदा डब्याच्या झाकणावरच्या रंगांवर, अक्षरांवर आणि आकड्यांवर उभा राहिला. अंधेरी स्टेशनवर डबे निवडणारा माणूस सगळे पत्ते डोक्यात ठेवत नाही. खूण नेमकी कुठे असते हे त्याच्या नजरेला माहीत असते.

आता छताकडे बघण्याचे. रिचर्डसन आणि स्पायव्ही यांनी २००० साली दाखवले की पडद्याच्या एका कोपऱ्यात काही दिसत असताना ऐकलेली माहिती नंतर विचारली, तर नजर त्याच कोपऱ्याकडे वळते, आणि तो आता रिकामा असला तरी वळते. स्वीडनमधल्या एका अभ्यासात २०१४ साली असेही आढळले की वस्तू जिथे पाहिली होती तिथे नजर ठेवली की ती आठवायला मदत होते. शिवाय समोरच्याचा चेहरा वाचणे हेसुद्धा डोक्याला कामच आहे. ब्रिटनमधील संशोधकांनी पाच वर्षांच्या मुलांना विचार करताना नजर दुसरीकडे वळवायला शिकवले, तेव्हा त्यांची उत्तरे सुधारली. आपण मात्र "माझ्याकडे बघून बोल" म्हणून दटावतो! नजर वळवणे म्हणजे उर्मटपणा नव्हे, एवढे तरी शिक्षकांनी ध्यानात घ्यावे.

आजीची गोष्ट जरा अवघड आहे. लंडनमध्ये जॉन ओकीफ यांना १९७१ साली उंदरांच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या की ज्या ठराविक जागी आल्यावरच चेततात. त्यांना मोझर दांपत्यासह २०१४ चे नोबेल मिळाले. ओळखीच्या जागेचा नकाशा असा मेंदूत तयार असतो. जुन्या खोलीत चाळीस वर्षे काढलेल्या बाईचा हात अंधारातही मिठाच्या बरणीवर जायचा. त्यासाठी झोळीतली एकही जागा अडत नसे. १९९५ च्या पुनर्वसन योजनेनंतर उपनगरांत इमारती उभ्या राहिल्या. सातव्या मजल्यावर सगळे दरवाजे सारखे, जिने सारखे. आता तीच बाई मीठ शोधायला चार फळ्यांवर नजर फिरवते, आणि तेवढ्यात गॅसवर दूध ठेवल्याचे निसटते. प्रयोगातही असेच दिसते. जागा ध्यानात धरून ठेवलेली असताना नजर इकडेतिकडे फिरवायला लावली की जागेची आठवण बिघडते. म्हणून आमचे मत असे, की घर बदलल्यावरच्या पहिल्या काही महिन्यांत आजीच्या विसरण्यात नव्या घराचाही मोठा वाटा असतो. मात्र ती तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागली, घरच्यांची नावे चुकवू लागली, तर घरातच चर्चा करत बसू नका. तिला महापालिकेच्या रुग्णालयात दाखवा.

घर बदलणार असाल तर एवढे करा. जुन्या मांडणीवर डबे ज्या क्रमाने होते तो कागदावर उतरवून घ्या आणि नव्या ओट्यावर त्याच क्रमाने लावा. लिफ्टमधून उतरल्यावर समोर दिसेल असा आपल्या मजल्याच्या भिंतीचा एक पट्टा वेगळ्या रंगाने रंगवा. सोसायटी कुरकुर करेल, तर निदान आपल्या दारावर तरी रंग द्या. आणि रंग आजींनाच निवडू द्या.