एस्प्रेसोचा घोट

लग्नमंडपाच्या कोपऱ्यात वाफेचा फूत्कार सोडणारे एक चकचकीत यंत्र असते. त्याखाली दूध, साखर आणि चिमूटभर कॉफीची पूड फेसाळते, वर चॉकलेटची भुकटी पडते, आणि ह्या पेयास सर्रास ‘एस्प्रेसो’ म्हणतात. पेय गोड आहे, सुखावहही आहे. परंतु एस्प्रेसो ते नव्हे.

ह्या नामसादृश्याने पेडणे-डिचोलीकडील गृहस्थाची फसगत होते. हरमल किंवा मोरजीच्या किनाऱ्यावरील उपाहारगृहात, अथवा २०२३ च्या जानेवारीत वाहतुकीस खुल्या झालेल्या मोपा येथील विमानतळावर तो एस्प्रेसो मागवितो, आणि पुढे येतो इवलासा पेला, आत दोन घोट काळेभोर पेय. माप औषधाचे, किंमत मेजवानीची! एक घोट घेऊन तो पेला दूर सारतो व हे परदेशी पाहुण्यांचे खूळ म्हणून उठतो. आपल्याच तालुक्यात आपण परके झालो, ही टोचणी त्यात असते. ती अगदीच अनाठायी नव्हे.

पेल्यातील द्रव्य मात्र परके नाही. घाटापलीकडील कोडगू-चिकमगळूरची कॉफी इटलीत मोठ्या प्रमाणावर जाते, आणि तेथील एस्प्रेसोच्या मिश्रणांत आपल्या रोबस्टाला मान आहे. ह्याच किनाऱ्यावर दक्षिणेस, मंगळूरच्या वखारींत, कॉफीचे दाणे मुद्दाम पावसाळी वाऱ्यावर पसरतात. ते फुगतात, पिवळट होतात, त्यांचा आंबटपणा जातो. पूर्वी शिडाच्या जहाजांतील लांबच्या प्रवासात दाण्यांना आपोआप येणारी ही चव युरोपास इतकी आवडली, की पुढे ती हेतुपुरस्सर आणावी लागली. ज्या दमटपणाने कोकणी गृहिणीचे पापड सादळतात, त्याचीच ही करामत!

मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी १९०१ साली ह्या यंत्राचे पेटंट घेतले. आकिले गाज्जिया यांनी पुढे दाब वाढविला, तेव्हा पेयावर सोनेरी साय येऊ लागली. आज सुमारे सात ग्रॅम बारीक पुडीतून नव्वद अंशांच्या आसपासचे पाणी, हवेच्या नऊपट दाबाने, पंचवीस-तीस सेकंदांत काढतात. ही साय काही मिनिटांत विरते. म्हणून पेला येताच गप्पा थांबवाव्या.

आधी पाण्याचा घोट घेऊन जीभ स्वच्छ करावी. मग पेय ढवळावे, कारण तळाशी दाट व वर विरळ असते. तीन-चार घोटांत संपवावे, प्रत्येक घोट क्षणभर जिभेवर ठेवावा. साखर घालू नये, हा दंडक नवशिक्यांचा. इटलीतील पुष्कळ लोक ती बिनदिक्कत घालतात. पाडव्याला कडुनिंब चघळणाऱ्यास कडूपणाची भीती नको. मात्र नुसतेच आंबट लागले तर पाणी घाईने गेले, जळकट लागले तर दाणे अधिक भाजले अथवा पाणी रेंगाळले, असे समजावे आणि निःसंकोच दुसरा पेला मागावा.

डिचोलीच्या घरी यंत्र नसेल तर विस्तवावर ठेवण्याचे इटालियन ‘मोका’ भांडे चालते. त्याचा दाब थोडा, म्हणून साय येत नाही. पण जातकूळ तीच. पूड थोडीथोडी आणावी, पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, आणि भांडे गुरगुरू लागताच विस्तवावरून उतरवावे.