सांभाळ कोठे करावा?

(महोत्सवी सभेत केलेले भाषण)



आनंदाच्या प्रसंगी दुखण्याचा विषय काढावा की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. पण आपल्यापैकी अनेक घरांच्या दाराशी हा प्रश्न उभा आहे आणि त्याविषयी आपण उघडपणे बोलत नाही. म्हणून बोलतो.

स्मृतिभ्रंश म्हणजे म्हातारपणचा साधा विसराळूपणा नव्हे. तो मेंदूचा रोग आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठीच्या पुढील शंभरांत सुमारे सात जणांना तो असावा. म्हणजे देशात सुमारे ८८ लाख माणसांना.

माझ्या आईला तो झाला. तिचे माहेर मिरजेचे. धारवाडला येऊन पन्नास वर्षे उलटली होती. तरी संध्याकाळ झाली की ती पिशवी भरी आणि "मला घरी जायचंय, मिरजेची गाडी चुकेल," म्हणत दाराकडे जाई. एकदा खरोखरच स्टेशनावर पोहोचली. एका ओळखीच्या रिक्षावाल्याने तिला परत आणले. धाकट्या भावाने शुश्रूषा-निवासाचा विषय काढला, तेव्हा मी ताठ्याने म्हणालो, "आपल्या घराण्यात आईला कोणी बाहेर ठेवलेलं नाही."

बोललो मी, केले मात्र माझ्या पत्नीने. रात्री तीन-तीनदा उठणे, अंथरूण बदलणे, वर चोरीचा आळ ऐकून घेणे, सारे तिच्याकडे. दोन वर्षांनी तिनेच अंथरूण धरले, तेव्हा माझे डोळे उघडले. ज्या निर्णयाचा भार दुसऱ्याने वाहायचा, तो मी तिला न विचारता घेतला होता.

मग आईला निवासात ठेवले. तेथे निराळीच अडचण आली. आई कानडी उत्तम बोलत असे. पण या रोगात मागाहून शिकलेली भाषा पुष्कळदा आधी जाते. सेविका मायेने "नीरु बेका?" विचारीत, आईला ते उमगत नसे आणि ती तहानलेली राही. खानापूरकडची एक मराठी बोलणारी बाई कामावर आली, तेव्हा आई नीट खाऊ-पिऊ लागली.

या अनुभवातून चार गोष्टी सांगतो. पहिली, आधी डॉक्टरांना दाखवा. थायरॉईडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, मनाची खिन्नता यांनीही विस्मरण होते आणि ते उपचाराने सुधारू शकते. १८४५ पासून चालत आलेले धारवाडचे मनोरुग्णालय आज 'डिम्हान्स' ही संस्था आहे. तिची पायरी चढण्यात लाज नाही. दुसरी, घरी ठेवायचे तर रात्रीची पाळी कोणाची, हे नावानिशी ठरवा. नुसते "आपण सगळे आहोत" म्हणू नका. तिसरी, निवास निवडताना रात्री किती माणसे असतात, रोग्याला बांधून वा झोपेच्या औषधाने गप्प ठेवतात काय, त्याची भाषा कोणाला येते, आणि न कळविता भेटीस येऊ देतात काय, हे विचारा. चौथी, घेतलेला निर्णय कायमचा समजू नका. रोग बदलतो, तसा तोही बदलावा लागतो.

आईवडिलांच्या निर्वाहाविषयी २००७ सालचा कायदा आहे. त्यात राहण्याची सोय आणि औषधपाणी यांची जबाबदारी मुलांवर आहे. त्यांना टाकून देणे हा गुन्हा आहे. पण निवासात ठेवणे म्हणजे टाकणे नव्हे. ठेवून पुन्हा न फिरकणे हे टाकणे; आणि घरातच कोपऱ्यात एकटे सोडणे, हेही टाकणेच.

शेवटी संस्थेला एक विनंती. अशा घरी आठवड्यातून एकदा दोन तास बसणारी माणसे आपल्यातूनच निघावीत. तेवढ्या वेळात घरची बाई डोळे मिटून पडेल, देवळात जाऊन येईल. माझ्या पत्नीला ते दोन तास मिळाले नाहीत. यादीत पहिले नाव माझे लिहावे.