न मोजलेली नऊ वर्षे



आम्हां मास्तरांना हजेरी घेणे रोजचेच. मुले समोर बाकांवर बसलेली असतात, तरी एखादा दुसऱ्याच्या नावाला ‘हजर’ म्हणून जातोच! आज ज्या हजेरीविषयी बोलणार आहे, तीत नावे दीडदोन लाख आहेत आणि त्यांतले कोणी एका जागी थांबत नाही.

कॅरिबू म्हणजे उत्तर अमेरिकेतील रेनडिअर. हरणांच्या कुळात मादीलाही शिंगे असणारी ही एकच जात. अलास्का आणि कॅनडातील युकॉन यांच्या सीमेवरून त्यांचा एक मोठा कळप येजा करतो. पॉर्क्युपाइन नदीवरून त्याला नाव पडले आहे. तेथील ग्विचिन लोक पिढ्यान्‌पिढ्या याच मांसावर जगत आले. तेव्हा कळप केवढा, हा त्यांच्या चुलीचा प्रश्न आहे.

मोजायचे कसे? येथे शास्त्रज्ञांच्या मदतीला डास धावून येतात! जूनच्या आरंभी माद्या समुद्रकाठच्या मैदानात वितात. पुढे जुलैत डास असे उठतात की, सारी जनावरे वाऱ्याच्या जागी एकमेकांना खेटून उभी राहतात. काहींच्या गळ्यात रेडिओचे पट्टे आधीच बांधलेले असतात. त्या संकेतांच्या मागाने विमान जाते, छायाचित्रे घेते आणि मग माणसे त्यांतला एकेक ठिपका मोजीत बसतात. पट्टेवाली किती जनावरे चित्रांत आली, यावरून किती कळप नजरेतून सुटला तेही कळते. परंतु ढग उतरले किंवा जनावरे एकत्र जमलीच नाहीत, की वर्ष फुकट!

तसेच झाले. १९८९ साली १,७८,००० असलेला कळप २००१ साली १,२३,००० वर आला होता. पुढे नऊ वर्षे मोजणी साधलीच नाही. जन्ममृत्यूच्या प्रमाणांवरून गणित मांडले, तेव्हा कळप लाखाच्या आसपास उतरला असावा असे दिसले. २००९ साली युकॉन सरकारने माद्या मारण्यास मनाई केली. शिकाऱ्यांपैकी अनेकांना ते रुचले नाही. २०१० च्या उन्हाळ्यात छायाचित्रे मिळाली आणि आकडा निघाला १,६९,०००.

आता शास्त्रज्ञांना हसावे काय? मी हसणार नाही. त्याच उत्तरेत, पूर्वेकडचा बाथर्स्ट कळप १९८६ साली सुमारे ४,७०,००० होता. २००९ साली ३२,००० उरला आणि २०२१ साली अवघा ६,२४०. हे डोळ्यांपुढे घडत असता स्वस्थ कोण बसेल? माझ्या मते उणीव होती ती निराळी. आकडा हाती नसेल तेव्हा कोणी किती सोसायचे, हे सर्वांनी मिळून आधी ठरवलेले नव्हते.

२०१० साली सरकारे आणि मूळ रहिवाशांच्या संस्था यांनी एक आराखडा मान्य केला. त्यात रस्त्यावरच्या दिव्यांसारखे रंग आहेत: १,१५,००० च्या वर हिरवा, खाली पिवळा, मग नारिंगी आणि ४५,००० च्या खाली तांबडा, म्हणजे शिकार जवळजवळ बंद. रंग ठरविण्यासाठी दरवर्षी बैठक भरते. तीत कळपाचा अंदाज मांडतात, किती पाडसे जगली ते सांगतात आणि शिकाऱ्यांनाही विचारतात: किती मारलीत, आणि यंदा जनावराच्या पाठीवर चरबी कशी होती? ते उत्तरही टिपून घेतले जाते. २०१७ साली पुन्हा छायाचित्रे साधली, तेव्हा कळप २,१८,००० भरला.