ओढ किती असावी? छातीच्या नळीचे सक्शन आणि आपली जबाबदारी

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक जमाखर्च व ताळेबंद आपल्या हाती आहेच. ते आकडे वाचून दाखवण्यात मी आपला वेळ घेणार नाही. आगामी वर्षाच्या उपकरण-खरेदीच्या प्रस्तावात अगदी शेवटी एक लहानशी बाब आहे : ‘छातीच्या नळीसाठी कमी दाबाचे सक्शन रेग्युलेटर, त्यांची वार्षिक तपासणी व परिचारिकांचे प्रशिक्षण’. अंदाजपत्रकात कपात करण्याची वेळ आली की यादीतील शेवटच्या बाबीवर प्रथम काट मारली जाते, हा सर्वच संस्थांचा अनुभव आहे. ही काट का मारू नये, एवढेच आज मला सांगावयाचे आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्र हा माझा अधिकार नव्हे. आमच्या डॉक्टरांकडून व परिचारिकांकडून जे समजावून घेतले, ते सर्वसामान्य माणसाच्या भाषेत आपल्यापुढे ठेवत आहे.

आपली फुप्फुसे छातीच्या पिंजऱ्याला आतून चिकटल्यासारखी असतात. फुप्फुसाचा स्वभाव आत आकसण्याचा, तर पिंजऱ्याचा स्वभाव बाहेर फाकण्याचा. या दोहोंच्या ओढाताणीमुळे त्यांच्यामधल्या बारीक पोकळीत हवेच्या दाबापेक्षा किंचित कमी दाब राहतो. त्याला ऋण दाब म्हणतात. शांत श्वसनात तो पाण्याच्या सुमारे ५ ते ८ सेंटीमीटर एवढाच असतो. हिशेब लिहिणाऱ्या माणसाला ‘ऋण’ हा शब्द सहसा रुचत नाही, परंतु हे एक ऋण असे आहे की ते फिटले तर माणूस गुदमरतो. अपघातात बरगडी मोडून फुप्फुसाला टोचली, क्षयाने वा अन्य विकाराने फुप्फुसाला छिद्र पडले, छातीत पू किंवा रक्त साठले, की ही पोकळी भरू लागते, ऋण दाब नाहीसा होतो आणि फुप्फुस मिटू लागते. अशा वेळी सर्जन बरगड्यांमधून एक नळी आत घालतात. वॉर्डात तिला ‘आयसीडी’ म्हणतात. आपल्यापैकी अनेकांनी आपल्या माणसाच्या खाटेखाली ती बाटली पाहिली असेल.

त्या बाटलीतील पाणी शोभेचे नव्हे. नळीचे टोक पाण्याखाली सुमारे २ सेंटीमीटर बुडालेले असते. त्यामुळे छातीतील हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते, पण बाहेरची हवा परत आत शिरत नाही. जर्मनीतील हॅम्बुर्ग येथील डॉक्टर गॉटहार्ड ब्यूलाऊ यांनी छातीतील पुवासाठी ही बंद निचऱ्याची पद्धत वापरली आणि १८९१ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. ही साधी गोष्ट किती मोलाची आहे, हे जगाला १९१८ च्या सुमारास मोठी किंमत देऊन कळले. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील लष्करी छावण्यांमध्ये न्यूमोनियाची साथ आली. अनेक तरुण सैनिकांच्या छातीत पू झाला आणि तत्कालीन प्रथेप्रमाणे त्यांची छाती लवकर व उघडी फोडून पू काढण्यात आला. हवा थेट आत शिरून फुप्फुस मिटत असे. अशा रुग्णांतील मृत्यूंचे प्रमाण सरासरी ३० टक्क्यांच्या आसपास होते. एव्हार्ट्स ग्रॅहॅम ज्यात होते त्या आयोगाने याचा अभ्यास केला, आजाराच्या तीव्र अवस्थेत छाती उघडी न ठेवता बंद निचरा करावा असे सुचवले, आणि त्यानंतर हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास आले. कोणतेही नवे औषध त्यामागे नव्हते. पेनिसिलिनचा शोधही तेव्हा लागला नव्हता. केवळ छातीतील दाबाचा मान राखला गेला.

बहुसंख्य रुग्णांना पाण्याची ही बाटली पुरेशी ठरते. काहींच्या बाबतीत मात्र फुप्फुस पुरते फुलत नाही किंवा हवेची गळती थांबत नाही. मग नळीला बाहेरून हलकी ओढ द्यावी लागते. यालाच सक्शन म्हणतात. ब्रिटनच्या छातीरोग-तज्ज्ञांच्या संस्थेने २००३ व २०१० च्या मार्गदर्शिकांमध्ये अशी ओढ सर्रास लावू नये, आणि लावावयाची झाल्यास ती पाण्याच्या १० ते २० सेंटीमीटरच्या दरम्यान असावी, असे सांगितले आहे. मात्र गळणारी सर्व हवा वाहून नेण्याइतका प्रवाह तिच्यात हवा. म्हणजे दाब थोडा आणि प्रवाह भरपूर.

येथे आमच्यासारख्या रुग्णालयाची खरी अडचण सुरू होते. खाटेच्या डोक्याशी भिंतीवर जी सक्शनची तोटी असते, ती मुख्यतः घशातील कफ, रक्त, उलटी झटपट ओढून काढण्यासाठी असते. मध्यवर्ती वाहिनीतील ओढ पाऱ्याच्या ३०० मिलिमीटरपेक्षाही अधिक असू शकते. पाण्याच्या मापात ती ४०० सेंटीमीटरच्या वर जाते. छातीला हवे असतात २० सेंटीमीटर. शिवाय भिंतीवरील सामान्य रेग्युलेटरचा काटा पाऱ्याचे मिलिमीटर दाखवतो आणि डॉक्टरांचा आदेश असतो पाण्याच्या सेंटीमीटरमध्ये. व्यापारी मंडळींना हे लगेच उमगेल : आकडा तोच, चलन वेगळे! पाण्याचे २० सेंटीमीटर म्हणजे पाऱ्याचे जेमतेम १५ मिलिमीटर. तोच काटा १०० वर ठेवला, तर पाण्याच्या मापात ती ओढ १३६ सेंटीमीटर होते. शंभरापर्यंत किंवा त्याहून पुढे आखलेल्या तबकडीवर १५ चा आकडा नेमका साधणे कुशल हातालाही कठीण आहे.

जास्त ओढीने होते काय? नळीच्या छिद्रांत फुप्फुसाचा नाजूक भाग ओढला जाऊन इजा होऊ शकते. बुजू पाहणारे छिद्र उघडे राहून गळती लांबू शकते. बरेच दिवस मिटलेले फुप्फुस एकाएकी फुलवले, तर त्यात पाणी भरून रुग्ण अधिकच अत्यवस्थ होऊ शकतो. एका बाजूचे संपूर्ण फुप्फुस काढलेल्या रुग्णाला सक्शन लावतच नाहीत, कारण हृदयासह मधला भागच त्या बाजूला ओढला जाण्याचा धोका असतो. फार काय, साचलेली गुठळी सरकावी म्हणून नळी बोटांनी पिळत ओढण्याची जी जुनी सवय होती, तिने क्षणभर पाण्याच्या ४०० सेंटीमीटरहून अधिक ओढ निर्माण होऊ शकते, असे १९८२ मधील एका अभ्यासात आढळले. म्हणून ती सवय आता त्याज्य मानतात.

या ओढीला मर्यादा घालण्याची जी जुनी युक्ती आहे, ती मला एखाद्या धरणाच्या सांडव्यासारखी वाटते. तीन बाटल्यांच्या पद्धतीत पहिल्या बाटलीत रक्त-पू साठतो, दुसरीत पाण्याचे बंधन असते आणि तिसरीत एक उघडी नळी पाण्यात २० सेंटीमीटर खोल उभी असते. भिंतीवरील ओढ २० सेंटीमीटरच्या पुढे गेली, की बाहेरची हवा त्या उघड्या नळीतून बुडबुडत आत येते आणि जादा ओढ तेथेच खर्ची पडते. पाण्याची पातळी वाढू लागली की सांडव्यावरून पाणी निघून जाते, तसेच हे. नॉब कितीही फिरवला तरी बुडबुडे वाढतील, छातीवरील ओढ वाढणार नाही. मर्यादा ठरवते ती पाण्याची खोली. १९६७ मध्ये ‘प्लूर-इव्हॅक’ या नावाने या तिन्ही बाटल्या एकाच प्लॅस्टिकच्या पेटीत आल्या. पुढे पाण्याऐवजी आत रेग्युलेटर बसवलेल्या कोरड्या सक्शनच्या पेट्या आल्या. अलीकडे हवेची गळती आकड्यांत दाखवणारी व स्वतःच ओढ सांभाळणारी अंकीय उपकरणेही आली असून, ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१८ मध्ये अशा एका उपकरणाच्या वापराला अनुकूलता दर्शवली आहे.

तथापि, कोणतीही युक्ती राखणदाराविना टिकत नाही. तिसऱ्या बाटलीतील पाणी बुडबुड्यांबरोबर उडून जाते आणि ओढ नकळत कमी होते. आवाज नको म्हणून कोणी त्या उघड्या नळीच्या तोंडाशी कापूस खुपसला, तर सांडवाच बंद होतो आणि वाहिनीची ओढ थेट छातीवर येते. उलट, भिंतीवरील सक्शन बंद करून नळी तशीच जोडलेली ठेवली, आणि हवा सुटायला दुसरी वाट नसली, तर ती चिमटा लावल्यासारखीच होते. छातीत हवा कोंडते आणि जीव धोक्यात येतो. सक्शन बंद करायचे तर नळी भिंतीपासून काढून मोकळी ठेवायची, हा नियम परिचारिकेला झोपेतही आठवला पाहिजे. हे कोणत्याही यंत्राबरोबर पेटीत बांधून येत नाही. ते शिकवावे लागते, आणि नव्याने येणाऱ्या प्रत्येक तुकडीला पुन्हा शिकवावे लागते.

यावर कोणी विचारील, की मग सक्शन हवेच कशाला? प्रश्न रास्त आहे. फुप्फुसाचा भाग काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर सतत सक्शन चांगले की नुसते पाण्याचे बंधन, याची तुलना करणारे अभ्यास अमेरिकेत २००१ व २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. काही रुग्णांत नुसत्या पाण्याच्या बंधनावरच गळती लवकर थांबल्याचे त्यांत दिसले. म्हणून केव्हा लावावे, किती लावावे आणि केव्हा काढावे, हा निर्णय डॉक्टरांचाच. प्रशासनाचे कर्तव्य एवढेच, की डॉक्टरांनी २० लिहिले असता रुग्णाच्या छातीवर २० च पोहोचावेत.

रुग्णांच्या आप्तांना या निमित्ताने चार शब्द सांगतो. बाटलीतले बुडबुडे कमी झाले की आपण घाबरता आणि ‘सिस्टर, मशीन जरा वाढवा ना’ म्हणता. त्यामागील माया आम्ही जाणतो. परंतु पाण्याच्या बंधनातील बुडबुडे थांबणे हे अनेकदा गळती बुजल्याचे शुभचिन्ह असते. नळी अडकल्यानेही ते थांबू शकतात, म्हणून सिस्टरला जरूर दाखवा, पण नॉबला हात लावू नका. बाटली कधीही छातीच्या पातळीपर्यंत उचलू नका, नाही तर आतले पाणी छातीकडे परतेल. नळीवर रुग्ण झोपलेला नाही ना, तिला पीळ पडलेला नाही ना, ती खाली लोंबकळून तिच्यात पाणी साचलेले नाही ना, हे पाहा. आणि रुग्णाला दम लागला, तर क्षणाचाही विलंब न लावता हाक मारा.

आता देणगीदारांना माझी विनंती. २०२०-२१ च्या महासाथीत प्राणवायूच्या वाहिनीचे महत्त्व घराघरांत कळले, आणि समाजाने त्यासाठी ठिकठिकाणी मुक्तहस्ते दिले. त्याच भिंतीवर, त्याच पट्टीवर सक्शनची तोटी असते. तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मोठ्या यंत्रावर दात्याच्या नावाची पाटी लावता येते. तळहाताएवढ्या रेग्युलेटरवर, वर्षातून एकदा होणाऱ्या तपासणीवर किंवा परिचारिकेच्या एका दिवसाच्या प्रशिक्षणावर ती कोठे लावणार? तरीही रात्री अडीच वाजता एखाद्या निर्धन रुग्णाच्या छातीवर नेमकी किती ओढ पडते, हे याच गोष्टी ठरवतात. धर्मादाय रुग्णालय म्हणून निर्धन रुग्णांसाठी आपण राखलेल्या खाटांवरही तोच रेग्युलेटर असावा, जो सशुल्क कक्षात आहे. याबाबतीत पहिला वर्ग आणि दुसरा वर्ग असा भेद असता कामा नये.

म्हणून विश्वस्त मंडळाला तीन गोष्टींची शिफारस करतो. छातीच्या रुग्णांसाठी राखलेल्या प्रत्येक खाटेपाशी पाण्याच्या सेंटीमीटरमध्ये आखलेला, कमी दाबाचा स्वतंत्र रेग्युलेटर असावा. प्रत्येक रेग्युलेटरची दरवर्षी प्रमाणित मापकाशी पडताळणी होऊन तारखेची चिठ्ठी त्यावर लागावी. आणि प्रत्येक पाळीत सक्शनचे माप व पाण्याची पातळी नोंदवण्यासाठी रुग्णाच्या कागदावर एक रकाना असावा. हा खर्च भांडवली व महसुली असा दोन्ही प्रकारचा आहे, आणि रेग्युलेटर एकदा घेतले म्हणून दुसरा भाग संपत नाही, हे मी मुद्दाम नमूद करतो. दरवर्षीच्या अंदाजपत्रकात त्याची कायम तरतूद हवी.

ज्यांच्या कष्टाने हे काम दिवसरात्र चालते, त्या डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ व वॉर्डातील सेवकांचे मी मनःपूर्वक आभार मानतो. देणगीदारांचे आभार मानण्याची औपचारिकता मात्र करीत नाही. आपल्या ऋणात राहणेच संस्थेला अधिक आवडेल. प्रस्तावातील ती शेवटची ओळ आपण कायम ठेवाल, अशी आशा बाळगतो आणि माझे भाषण संपवतो.