मुलींच्या पोटदुखीविषयी थोडेसे

मुलीचे पोट दुखू लागले की 'पाळीचे असेल' म्हणून आपण तिला ओवा देऊन निजवतो. पुष्कळदा ते खरेही असते. पण दुखणे वाढतच गेले तर घरी थांबू नये.

अपेंडिक्सला सूज आली की दुखणे बहुधा बेंबीभोवती सुरू होते, काही तासांनी उजव्या ओटीपोटात उतरते, आणि अन्न नकोसे होते. अशा वेळी एरंडेल मुळीच देऊ नये. बीजकोशाला पीळ पडला तर एकाएकी असह्य कळ येते, ओकाऱ्या होतात. पाळी चुकलेली असून एका बाजूस दुखते, भोवळ येते, खांद्यात कळ जाते, तर गर्भ नलिकेत राहून ती फुटल्याचा संशय घ्यावा. तिथे एकेक तास मोलाचा असतो.

म्हणून मी प्रत्येक तरुणीला पाळीची तारीख विचारते, लघवी तपासते, गरजेप्रमाणे सोनोग्राफी करविते. कुमारिकेलाही हेच विचारले की आया रागावतात. भगिनींनो, ही चारित्र्याची चौकशी नव्हे. मुलीशी मला दोन मिनिटे एकटीने बोलू द्या. तुमच्या धाकाने तिने लपविलेली एक तारीख तिच्या जिवावर बेतू शकते.